मंदाताई, तुझ्या पोटातल्या आमच्या गोष्टी

मंदाताई, तू कशानं गेलीस असं लोक विचारतात तेव्हा काय सांगायचं, ते तू ठरवून दिलं नाहीस. बाकी सगळ्यांचं दिलंस. कांतानं दर महिन्याला सरकारी दवाखान्यात कशाला जायचं, तर थायरॉईड. मी रोजची गोळी कसली म्हणून घ्यायची, तर रक्तवाढीची. कुणाचा नवरा कशानं गेला म्हणायचं, कुणाच्या लेकराचं टॉनिक कसलं म्हणायचं, सगळं तुझ्याकडे तयार असे, आणि एकीची थाप दुसरीच्या थापेला कधी आडवी जात नसे. तुझ्या स्वतःच्या वेळेला मात्र आम्ही दारात उभ्या राहून एकमेकींच्या तोंडाकडे बघतो आहोत. मी 'मेंदूचा आजार' म्हणते. समोरची बाई 'हं' म्हणते आणि अजून कशाची तरी वाट बघत उभी राहते. मी खरंच सांगत असते गं. पण खरं सांगायची सवय नाही, त्यामुळे ते माझ्याच कानाला खोटं लागतं.

तुला एचआयव्ही होता आणि मलाही आहे. हे इतकं साधं वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे, आणि लिहिताना दाराला कडी आहे ना हे उठून बघून आले. पल्लवी पोटात असताना, तपासणीचा कागद हातात घेऊन मी दवाखान्याच्या बाकावर बसले होते, तेव्हा तू शेजारी येऊन बसलीस. ती आपली ओळख. पुढे पल्लवी लहान असतानाच हे गेले. लोकांना सांगितलं कावीळ. कावीळ झालीच होती, तिच्यामागचं तेवढं सांगितलं नाही. तेव्हापासून मी दिराच्या घरात दोन खोल्यांत राहते, कळमन्याच्या बाजारात त्यांच्याच अडतीवर बिलं करते, आणि त्या घरात कुणालाही काही ठाऊक नाही. ठाऊक होतं ते तुला.

नंदनवन वस्तीतल्या तुझ्या खोल्या आणि मागचं अंगण. तुझा धाकटा भाऊ, आपले रमेशभाऊ, भिवापूरहून घरच्या मिरचीची पोती पाठवायचे. आम्ही चारसहाजणी दुपारच्या देठ काढायला बसायचो आणि तू तिखट दळून विकायचीस. हे जगासाठी. खरं कारण हे की मिरचीत बसलेल्या बाईचे डोळे लाल होतात, नाक वाहतं, आवाज बसतो, आणि तिला घरी गेल्यावर 'काय झालं' असं कुणी विचारत नाही. आम्हाला निवांत रडता यावं म्हणून तू मिरचीचा धंदा काढलास. याहून हुशार शक्कल मी आजवर पाहिली नाही. शेजारीण भिंतीवरून विचारायची, "मंदाबाई, तुमच्या बाया लय खोकतात वं?" आणि तू म्हणायचीस, "माल असली आहे न!"

तुझं-माझं भांडण एकच होतं, आणि ते अर्धवट टाकून तू गेलीस. पल्लवीला सांगायचं की नाही. "पोट्टी शिकली, नोकरीले लागली," तू म्हणायचीस, "आता तरी सांग तिले. तुह्या तोंडानं सांग. दुसऱ्याकडून समजलं तं जन्मभर डोक्यात ठेवन."

"लग्न होऊ दे, ताई."

"मंग म्हणशीन बाळंतपण होऊ दे. मंग म्हणशीन नातवाचं बारसं होऊ दे. तू तं सरणावर उठून सांगशीन वं!"

सगळ्याजणी हसायच्या, मीही हसायची. पण पल्लवीचं लग्न भिवापूरला जमलं तेव्हा मी हसायची थांबले. मुलगा चांगला, स्वतःचं कृषी केंद्र, माणसं सरळ. पण गाव तुझ्या माहेरचं. तिथल्या कुणी तुझं नाव काढलं आणि तुझ्यावरून माझ्यावर आलं तर? तू म्हणालीस, "माह्या पोटातून काही बाहेर नाही येत, घाबरू नको." आणि मी निर्धास्त झाले. तुझ्या पोटावर आम्ही सगळ्यांनी घरं बांधली होती.

मग तू एक दिवस देठ टोपलीत ठेवायला लागलीस आणि मिरच्या कचऱ्यात. आम्ही केवढ्या हसलो! कांता म्हणाली, "ताई, डोक्यात तिखट गेलं का?" तूही हसलीस. दुसऱ्या दिवशी परत तेच केलंस, तेव्हा कुणी हसलं नाही. त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या किराण्यातून घरी येताना तू रस्ता चुकलीस. फरशी तिरपी झाली म्हणायला लागलीस, भिंतीला धरून चालायला लागलीस. कुकरची शिट्टी झाली की तुझा हात झटका बसल्यासारखा उडायचा.

आमच्या सगळ्यांच्या मनात एकच आलं, की तू गोळ्या सोडल्यास. जी बाई आम्हाला एक गोळी चुकली तर फोनवर फाडून खायची, तिनंच सोडल्या! मी आणि कांतानं तुझा डबा उघडून पाहिला. गोळ्या जिथल्या तिथे होत्या, घेतलेल्या होत्या. तू दारात उभी राहून आमच्याकडे बघत होतीस. "मले शिकवता का वं?" एवढंच म्हणालीस. डॉक्टरही आधी तिथेच अडकले. फाईलवर ते लिहिलेलं असलं की नजर पुढे सरकतच नाही. त्यामुळे मेंदूत टीबी असेल, कसली गाठ असेल, त्या आजारानंच मेंदू धरला असेल, असं म्हणत म्हणत तपासण्या चालू राहिल्या. तुझ्या पाठीतून पाणी काढलं, एमआरआय झाला, तो परत झाला. तोवर तू चमचा कसा धरायचा ते विसरली होतीस.

शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रमेशभाऊंना आणि मला खुर्च्यांवर बसवलं. प्रायॉनचा आजार, म्हणाल्या. मेंदूत एक प्रथिन असतं, ते चुकीचं दुमडतं आणि शेजारच्या प्रथिनालाही तसंच दुमडायला लावतं, असं वाढत जातं. एचआयव्हीमुळे नाही. ज्याला एचआयव्ही नाही त्यालाही होतो, फार क्वचित, आणि का होतो ते बहुतेक वेळा सांगता येत नाही. औषध नाही. थोडे महिने. मी विचारलं, "थोडे म्हणजे?" त्यांनी टेबलावरचा पेन सरळ केला. मग म्हणाल्या, तो विषाणू म्हणाल तर मावशींनी चांगला दाबून ठेवला होता, रक्तात सापडतसुद्धा नाही. मला तुझा केवढा अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी केवढा संताप आला. इतकी वर्षं एका दाराशी राखण करत बसलीस आणि हा भलत्याच खिडकीतून आत आला.

"लागतो का?" हे मी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, नाही. शिवल्यानं नाही, एका ताटात जेवल्यानं नाही, तिचं अंग पुसल्यानं नाही. मी घरी येऊन हे कांताला आणि सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तुझ्या खिडकीत एक स्टीलचा गिलास वेगळा ठेवलेला दिसला. बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका.

ताई, तुझ्या सासरी तुझं ताट न्हाणीघरात ठेवत. ते तू आम्हाला किती वेळा सांगितलंस, आणि दरवेळी शेवटी म्हणायचीस, "तुमचं भांडं कोणी वेगळं केलं न, तं मले फोन करा." आणि तुझ्याच घरात, आम्हीच! कांतानं तो गिलास तुझ्या तोंडाला लावला. तुला तेव्हा आमची नावंसुद्धा कधी आठवत, कधी नाही. पण तू गिलास हातात फिरवलास आणि ठिपका पाहिलास. "हे कोणाचं होय?"

"तुमचंच, ताई."

"मंग बाकीच्यांचे कुठी आहेत?"

कांता रडत बाहेर गेली. मी ठिपका चमच्यानं खरवडून काढला, तिला वाटेल ते बोलले. आणि घरी येऊन हात धुतले, पुन्हा धुतले, साबण बदलून धुतले. आता यावर तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, म्हणून सांगत बसत नाही.

त्यानंतर तुझा तोंडावरचा ताबा सुटला. दूधवाल्याला म्हणालीस, "कांताच्या नवऱ्याले काही सांगशीन नको बावा." शेजारणीला एका बाईचं पोर कुठल्या औषधावर आहे ते अर्धं सांगितलंस. तिला अर्थ लागला नाही, पण बातमी फिरली. एकेक करून सगळ्या यायच्या बंद झाल्या. कांताही. कुणी म्हणाली गुडघे धरले, कुणी म्हणाली घरी पाहुणे. तू शिकवलेल्या थापा आम्ही तुझ्यावरच वापरल्या.

मी मात्र रोज येत राहिले. अडतीवरून निघायचं, पोळी-भाजी घ्यायची आणि तुझ्याकडे. रमेशभाऊ गावची शेती गड्यावर टाकून येऊन राहिले होते. ते डोळ्यांत पाणी आणून म्हणायचे, "वंदनाताई, सख्खी बहीण नाही करत एवढं तुम्ही करून राहिल्या." मी मान खाली घालायची. कारण मी पहाऱ्याला येत होते. कुणी भेटायला आलं की टीव्ही मोठा करायची. तू बोलायला तोंड उघडलंस की त्यात शिऱ्याचा घास भरायची. एकदा तुला असा ठसका लागला की तू निळी पडलीस, रमेशभाऊंनी पाठीवर चापट्या मारून तुला परत आणलं. दुसऱ्या दिवशी मी शिरा पातळ केला. पण चमचा हातातून सोडला नाही.

मी मायेनं येत होते की भीतीनं, हे मी स्वतःला अजून विचारते आहे. तुझे केस विंचरताना माया असायची. दाराची बेल वाजली की भीती. दोन्ही एकाच हाताला. तुला ते कळत होतं का? मधूनच तू माझ्याकडे अशी टक लावून बघायचीस की मला वाटायचं, हिला बाकी सगळं विसरायला झालंय, हे तेवढं कळतंय.

पल्लवीला मी तुझ्याकडे फिरकू देत नव्हते. "मावशीले माणसं सहन होत नाही," म्हणायचे. ती तुझी लाडकी, रुसायची. एका दुपारी मी डबा घरी विसरले आणि ती तो घेऊन स्कूटीवर थेट आली. रमेशभाऊंनी दार उघडलं. मी मागच्या अंगणात तुझ्या चादरी धूत होते. बऱ्याच दिवसांत तू बोलली नव्हतीस, आता बोलणं गेलंच असं आम्ही धरून चाललो होतो. आणि आतून तुझा आवाज आला. बाकावरचा, पूर्वीचा.

"रडू नको. पयले पानी पे."

मी ओल्या हातांनी दारात आले. तू पल्लवीचा हात दोन्ही हातांत धरला होतास. ती हुबेहूब माझ्यासारखी दिसते, हे सगळे म्हणतात.

"कितवा होय तुले?"

पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं. आजारी माणसाच्या कलानं घ्यावं म्हणून म्हणाली, "सातवा."

"मंग टाईम आहे न. काहून घाबरतं? तुले आहे म्हणजे लेकराले होतेच असं नाही. कळा सुरू झाल्या की तुले गोळी देतीन, लेकरू झालं की त्याले औषध पाजतीन. मी राहीन तिथं. फक्त अंगावर पाजू नको. सासू विचारन तं दूध आलं नाही म्हण. नावं ठेवन, ठेवू दे. लेकरू वाचते."

वाटी माझ्या हाताशी होती, चमचाही. मी उचलला नाही. का, ते सांगता येत नाही. मला वाटतं मलाही ते परत ऐकायचं होतं. इतक्या वर्षांत मला कुणी तसं काही बोललं नव्हतं.

'वंदनाला दूधच आलं नाही' ही आमच्या घरातली प्रसिद्ध गोष्ट आहे. माझी सासू ती हळदीकुंकवाला सुद्धा सांगायची. दीर पल्लवीला अजून 'डब्याची पोर' म्हणून चिडवतात. पल्लवीचा चेहरा मी पाहिला. तिनं हात काढून घेतला नाही.

"पोरगी झाली न," तू म्हणालीस, "तं मोठी झाल्यावर सांग तिले." हे त्या बाकावरचं नव्हतं, ताई. हे आपल्या भांडणातलं होतं. तुझ्या डोक्यात सगळी वर्षं एकमेकांत मिसळली होती.

"हाव ताई," पल्लवी म्हणाली. ती तुला मावशी म्हणते.

परत जाताना मी स्कूटीवर तिच्या मागे बसले होते. दर सिग्नलला वाटायचं, आता विचारेल. एका सिग्नलला तिनं मान मागे वळवली. "पेट्रोल भरून घेऊ का?" म्हणाली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. ती माझ्या ताटातली भाजी उचलते का, माझ्या गिलासातलं पाणी पिते का, हे मी चोरून बघायची. ती उचलायची, प्यायची. पण आधीही तसंच करायची का, ते मला आठवेना. भिवापूरचा फोन आला की ती बाल्कनीत जायची आणि मी पडद्याआड. हसण्याचा आवाज आला की जीव भांड्यात पडायचा, हळू बोलली की परत टांगणीला लागायचा. तुझ्याकडे येऊन तुझ्या उशाशी बसून विचारायची, ताई, तिला कळलं का गं? तू छताकडे बघत असायचीस. तू पुन्हा एक शब्द बोलली नाहीस, आणि मग एका सकाळी रमेशभाऊंचा फोन आला.

तुझ्या शेवटच्या आंघोळीला शेजारच्या बायका कुजबुजायला लागल्या, हात लावावा की नाही. तेवढ्यात कांता आली. पदर खोचला, कुणाकडे न बघता तुझ्या डोक्यावर पाणी घातलं, शिकेकाई लावून केस धुतले. ती तुझ्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती. माफी मागत असेल. मी ऐकायला गेले नाही. एवढं बरं वाटलं गं, तुझ्यासाठी आणि तिच्यासाठीही.

परवा पल्लवीनं विषय काढला. कणीक मळत होती, वर न बघता बोलली. "त्या दिवशी मंदामावशी बोलली, ते मले समजलं. त्याच दिवशी समजलं. मी वाट पाहून राहिली होती."

"कशाची?"

"तुह्या तोंडून ऐकायची. तिनं डोकं फिरलेलं असताना सांगतलं. तू शुद्धीत आहेस न?"

मी म्हणाले, उद्या सांगते. तिनं कणकेवर झाकण ठेवलं आणि निघून गेली. काल माझ्याकडून सांगणं झालं नाही, ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. एकही थाप लावली नाही, म्हणून वाक्यं तुटत होती. मी आधी मरणाचं बोलले, मग तिच्या बापाचं, मग एकदम भिवापूरचं, की लग्न मोडलं तर, दिरानं घराबाहेर काढलं तर, तिला कुणी काही म्हटलं तर. मध्ये कुठेतरी आजाराचं नाव घेतलं. मग तिला काही नाही, तिच्या तपासण्या झाल्या आहेत, हे सांगायचं राहिलं म्हणून परत मागे गेले. भिवापूरला सांगायचं की नाही, हे ती स्वतः ठरवेल, असं ती म्हणाली. तू असतीस तर तिच्या बाजूनं भांडली असतीस, आणि मी तुम्हा दोघींशी.

मग ती जवळ आली. माझ्या डोळ्यांवरून तिच्या ओढणीचं टोक फिरवलं आणि म्हणाली, "मंदामावशीनं किती चांगलं सांगतलं होतं वं आई. तू तं मले घाबरवूनच राहिली."